भांग वेळेआधी का फुलते? गार्सिया द ओर्ताने पाहिलेले झाड

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जुहू चौपाटीवर सूर्य सव्वासातनंतर मावळतो. त्या दिवशी तो सहाच्या सुमारास उगवलेला असतो. म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा दिवसही इथे सव्वातेरा तासांच्या आसपासच संपतो. डिसेंबरअखेर तो अकरा तासांवर येतो. लिस्बनमध्ये जूनचा दिवस पंधरा तासांच्या जवळपास असतो, पॅरिसमध्ये सोळा तासांचा. फिरायला आलेल्या माणसाला या दोन-तीन तासांचे काही वाटणार नाही. काही झाडांचे मात्र सारे आयुष्य या तासांवर ठरते.

भांगेचे झाड त्यांपैकी एक. उत्तर युरोपात दोरखंड आणि शिडाच्या कापडासाठी ज्या जाती पिढ्यान् पिढ्या लावल्या गेल्या, त्यांचे बी मुंबईच्या अक्षांशावर उघड्या आभाळाखाली पेरले तर रोप पुरते वाढण्याआधीच फुलोऱ्यावर येते. खोड बुटके राहते, फांद्या थोड्या, धागा तोकडा. शेतकऱ्याला वाटते बी खोटे निघाले किंवा जमीन नापीक आहे. प्रत्यक्षात दोन्ही निर्दोष असतात. झाडाने रात्र मोजलेली असते आणि इथली रात्र त्याला भर उन्हाळ्यातही शरद ऋतूइतकी लांब वाटलेली असते.

युरोपातली भांग आणि इथली भांग यांत फरक आहे, हे ज्या युरोपीय वैद्याने प्रथम नीट पाहून लिहिले, त्याच्या ताब्यात एके काळी मुंबई बेट होते. जुहूच्या दक्षिणेला, माहीमच्या खाडीपलीकडे ते बेट होते. त्या वैद्याचे नाव गार्सिया द ओर्ता.

निर्वासितांचे घर

ओर्ताचा जन्म १५०१च्या सुमारास पोर्तुगालच्या सरहद्दीवरील कास्तेलो द व्हिदे या गावी झाला. आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२मध्ये स्पेनने ज्यूंना देशाबाहेर काढले तेव्हा ते सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. पाचच वर्षांनी, १४९७मध्ये, पोर्तुगालच्या राजानेही ज्यूंचे सक्तीने धर्मांतर घडवले. अशा कुटुंबांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हटले जाई आणि त्यांच्या निष्ठेवर कायम संशय असे. शनिवारी कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोणी डुकराचे मांस टाळले, यावर शेजाऱ्यांचे लक्ष असे. गार्सिया या संशयातच लहानाचा मोठा झाला.

स्पेनमधील सालामांका आणि आल्काला येथे त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतले. त्या काळचे वैद्यक म्हणजे गेलेन, डायोस्कोरिडीस आणि अरब हकिमांचे ग्रंथ. रोग्याकडे पाहण्याआधी पुस्तकाकडे पाहायचे, हा रिवाज. १५२३च्या सुमारास तो गावी परतला, वैद्यकी करू लागला, पुढे लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला. आयुष्य मार्गी लागत होते. पण पोर्तुगालमध्ये धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, आणण्याच्या हालचाली सुरू झाल्या होत्या आणि नव्या ख्रिस्त्यांना देश सोडण्यावर बंधने होती.

१५३४च्या मार्चमध्ये मार्तिम आफोन्सो द सोझा याचा काफिला भारताकडे निघाला. त्याचा वैद्य म्हणून ओर्ता जहाजावर चढला आणि सप्टेंबरमध्ये गोव्याला उतरला. पुन्हा तो पोर्तुगालला कधीच गेला नाही.

बाजारातले विद्यापीठ

त्याच वर्षाच्या अखेरीस गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगिजांना दिला. त्यात साष्टी होती, जुहू होते आणि मुंबईची बेटेही होती. ओर्ता सोझाबरोबर दीव, काठेवाड, वसई असा फिरला. १५३८च्या सुमारास तो गोव्यात स्थिरावला, तिथे त्याची वैद्यकी जोरात चालली आणि औषधी वस्तूंचा व्यापारही.

त्याचा लौकिक घाटावरही पोहोचला. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्याच्याकडून उपचार घेत असे. निजामशाही दरबारात अरब, इराणी हकीम होते, हिंदू वैद्य होते. त्यांच्याशी ओर्ताच्या चर्चा होत. एकाच औषधाला अरबी, फारसी, दख्खनी, कोकणी नावे काय, ते कुठून येते, खरे कोणते आणि भेसळीचे कोणते, हे तो विचारून घेई. सालामांकाच्या वर्गात जे मिळाले नव्हते ते त्याला अहमदनगरच्या दरबारात आणि गोव्याच्या बाजारात मिळत होते. झाड समोर आहे, ते विकणारा समोर आहे, घेऊन बरा झालेला रोगीही समोर आहे.

पटकीचेच पाहा. गोव्यात ओर्ताने या रोगाचे रोगी पाहिले. इथले लोक त्याला मोडशी म्हणत, तोच शब्द पोर्तुगीज वळणाने त्याने नोंदवला. नाडी कशी बुडते, कातडी कशी गार पडते, डोळे कसे खोल जातात, माणूस किती तासांत दगावतो, हे त्याने रोग्याजवळ बसून लिहिले. आशियातील पटकीच्या युरोपीयांनी केलेल्या आरंभीच्या वर्णनांमध्ये त्याची नोंद आजही महत्त्वाची मानली जाते.

सोळाव्या शतकाच्या मध्याला पोर्तुगीज सरकारने त्याला मुंबई बेट भाडेपट्ट्याने दिले. वर्षाला ठरावीक रक्कम सरकारला भरायची आणि बेटाचे उत्पन्न घ्यायचे. फोर्टमध्ये, आजच्या टाउन हॉलच्या मागे जिथे पुढे किल्ला झाला, तिथे त्याचे घर होते असे मानतात. त्याच घरात १६६५मध्ये मुंबई इंग्रजांच्या हवाली झाली. ओर्ता राहायचा मुख्यतः गोव्यात, पण बेटावर त्याची झाडे होती. त्यातला एक आंबा वर्षातून दोनदा फळायचा आणि अवेळी आलेले ते आंबे गोव्यापर्यंत जायचे, हे त्याने कौतुकाने लिहून ठेवले आहे. साष्टीतल्या आणि घारापुरीच्या लेण्यांचीही त्याने वर्णने केली.

भांगेचा संवाद

१० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात त्याचे पुस्तक छापून झाले. भारतातील वनौषधी आणि औषधी द्रव्ये यांवरचे हे संवाद पोर्तुगीज भाषेत आहेत. भारतात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. पुस्तकात मुद्रणदोष भरपूर, कागदही साधा. पण आत जे होते ते युरोपात कोणाकडेच नव्हते.

रचना सोपी आहे. रुआनो नावाचा विद्वान स्पेनहून नुकताच गोव्यात आला आहे. त्याला ग्रंथांत काय लिहिले आहे ते पाठ आहे. ओर्ता त्याला एकेक औषध दाखवतो. अंतोनिया ही दासी आतून नमुना आणून देते. रुआनो ग्रंथातला आधार सांगतो आणि ओर्ता त्याला वस्तू हातात घेऊन पाहायला लावतो. हा रुआनो म्हणजे ओर्ताचेच तरुण, पुस्तकी रूप, असे अभ्यासक मानतात. ग्रीकांच्या चुका भारतात बसून उघड सांगता येतात, स्पेनमध्ये असतो तर तसे धाडस झाले नसते, हेही त्याने सुचवले आहे.

पुस्तकाच्या सुरुवातीच्या संवादांपैकी एक भांगेवर आहे. भांग कशी करतात, तर पाने कुटून, कधी त्यात बीही घालून. कोणी त्यात सुपारी, अफू, साखर घालतो. ऐपत असेल तर जायफळ, लवंग, कापूर, कस्तुरीही. ती घेतली की कोणी हसत सुटतो, कोणाला चिंता वाटेनाशी होते, कोणी झोपी जातो. बहादूरशहाने सोझाला जे सांगितले तेही त्यात आहे. रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, इराणची सफर करावीशी वाटली की थोडी भांग खाल्ली म्हणजे झाले, असे सुलतानाचे म्हणणे होते. ओर्ता या साऱ्याकडे वैद्याच्या नजरेने पाहतो. नवल करत नाही आणि उपदेशही करत नाही. त्याच्या लेखी ही इतक्या लोकांच्या रोजच्या वापरातली गोष्ट आहे की तिच्यात गूढ काही नाही.

मग खरा मुद्दा येतो. रुआनोला हे झाड ओळखीचे वाटते. पोर्तुगालमध्ये दोरासाठी लावतात तेच ना हे? ओर्ता नाही म्हणतो आणि कारणे देतो. याचे बी लहान आहे, तितके पांढरे नाही. तिकडच्या झाडाला साल भरपूर, तिचाच धागा निघतो. याच्या खोडात लाकूड जास्त, साल कमी. इथले लोक पाने आणि बी खातात, दोर करत नाहीत.

आजच्या वनस्पतिशास्त्रात ही दोन्ही झाडे बहुतेक अभ्यासक एकाच जातीची मानतात, म्हणजे ओर्ताचा निष्कर्ष सैल ठरतो. निरीक्षण मात्र टिकले. लिनियसने १७५३मध्ये भांगेला कॅनाबिस सटायव्हा हे नाव दिले. १७८५मध्ये लामार्कने भारतातून आलेल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका ही वेगळी जात मांडली आणि कारणांमध्ये टणक खोड व पातळ साल हीच लक्षणे पुन्हा दिली. सव्वादोनशे वर्षांपूर्वी गोव्यात कोणी तेच लिहून ठेवले होते.

झाड रात्र मोजते

हा फरक का पडतो? एक कारण वंशाचे. युरोपात धाग्यासाठी आणि इथे पान-राळेसाठी, अशी निवड शतकानुशतके झाली. दुसरे कारण आभाळाचे आहे आणि ते कळायला ओर्तानंतर साडेतीनशे वर्षे लागली.

पॅरिसमध्ये ज्युलियाँ तूर्न्वा हा तरुण संशोधक जपानी हॉप आणि भांग यांवर काम करत होता. काचघरात हिवाळ्यात लवकर पेरलेली रोपे इवलीशी असतानाच फुलू लागली. उष्णता, ओलावा, खत यांनी खुलासा होईना. मग त्याने रोपांना दिवसातून मोजके सहा तासच उजेड दिला. रोपे पुन्हा वेळेआधी फुलली. दिवस लहान होण्यापेक्षा रात्र लांब होणे हे खरे कारण असावे, इथपर्यंत तो पोहोचला. १९१४मध्ये त्याचा मोठा प्रबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी पहिल्या महायुद्धात तो मारला गेला. १९२०मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अॅलर्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून हा नियम सर्वांसाठी मांडला. मराठीत त्याला दीप्तिकालिता म्हणतात.

पानांत फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य असते. उजेडात त्याचे एक रूप होते, अंधारात ते हळूहळू बदलते. त्यावरून आणि झाडाच्या स्वतःच्या दैनिक घड्याळावरून अंधार किती तास होता हे पानाला कळते. रात्र पुरेशी लांब झाली की पानातून फुलण्याचा संदेश शेंड्याकडे जातो. भांगेच्या अनेक जातींना साधारण चौदा तासांहून लहान दिवस म्हणजे ही खूण वाटते. उत्तर युरोपात ती ऑगस्टच्या सुमारास मिळते, तोवर झाड माणसाहून उंच झालेले असते. जुहूला दिवस चौदा तासांचा कधी होतच नाही. तिकडचे रोप इथे थोडे मोठे होते न होते तोच खूण हजर असते. इथल्या मातीत पिढ्या काढलेल्या जातींना मात्र याहून लांब रात्र लागते. त्या पावसाळाभर वाढतात आणि दिवस बारा तासांच्या खाली उतरू लागला की फुलतात.

वेळेआधीच्या फुलोऱ्यावर खत किंवा पाणी वाढवून उपाय होत नाही, तो यामुळे. भूक, तहान किंवा दाटीमुळे काही झाडे घाईने फुलतात हे खरे. पण रात्रीची खूण मिळाली असेल तर शुश्रूषा कितीही करा, फुलोरा थांबत नाही. शेतीशास्त्राने दोन मार्ग काढले. पहिला, अक्षांशाला मानवेल अशी जात आणि पेरणीची वेळ निवडायची. दुसरा, रात्र मध्येच उजेडाने तोडायची. पॉलिहाऊसमध्ये शेवंतीवर रात्री दिवे लावतात ते याचसाठी. दांडा पुरेसा लांब होईपर्यंत कळी धरू द्यायची नसते. सोयाबीनची एक जात सगळ्या देशात सारखी पिकत नाही, रब्बीची शाळू ज्वारी भलत्या वेळी पेरून चालत नाही, त्यामागेही मुख्यतः हेच गणित आहे. रस्त्यावरच्या प्रखर दिव्याखाली कुंडीतली शेवंती फुलायला उशीर लावते तेव्हा ती रुसलेली नसते, तिला रात्र मिळालेली नसते.

भांगेवर हे उपाय घरी करून पाहण्याचा प्रश्न आपल्याकडे येत नाही. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याशिवाय हे झाड लावणे गुन्हा आहे. फुलोरा आणि राळ, म्हणजे गांजा आणि चरस, यांवर बंदी आहे. नुसती पाने आणि बी त्या व्याख्येतून वगळले आहेत. धागा आणि बियांसाठी लागवडीला परवानगी देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे आणि उत्तराखंडाने ती वापरली आहे. नशा आणणारे द्रव्य मादी झाडाच्या फुलोऱ्यातील राळेत सर्वाधिक असते, म्हणून झाड कधी फुलते हा प्रश्न शेतकऱ्याइतकाच डॉक्टरला आणि कायद्यालाही महत्त्वाचा आहे.

अस्थींवरचा खटला

ओर्ताच्या घरात या सगळ्या वर्षांत दुसरी एक गोष्ट चालू होती. १५४७मध्ये लिस्बनच्या धर्मन्यायालयाने त्याच्या दोन बहिणींना पकडले. त्या सुटल्या आणि गोव्यात भावाकडे आल्या, आईही आली. ओर्ताने नात्यातल्याच ब्रियांदा द सोलिस हिच्याशी लग्न केले होते, त्याला मुली झाल्या. व्हाइसरॉय आणि गव्हर्नर त्याचे रोगी असल्याने घराला आडोसा होता. बाहेर ते कुटुंब चर्चमध्ये जात असे. आत काय पाळले जात होते ते घरातच राहिले.

१५६०मध्ये धर्मन्यायालय गोव्यात येऊन बसले. तीन वर्षांनी आलेल्या पुस्तकात म्हणूनच ओर्ता औषधांविषयी मोकळा आहे आणि स्वतःविषयी गप्प. १५६८मध्ये तो गोव्यात वारला. त्याच सुमारास धर्मन्यायालयाने नातेवाइकांना धरायला सुरुवात केली. बहीण कातारिना हिला २५ ऑक्टोबर १५६९ रोजी गोव्यात जिवंत जाळण्यात आले. तिच्या आणि इतरांच्या जबान्यांतून गार्सियाही मनाने ज्यूच राहिला होता असा आरोप नोंदला गेला. मेलेल्या माणसावर खटला चालला, निकाल लागला आणि डिसेंबर १५८०मध्ये, मृत्यूनंतर बारा वर्षांनी, त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या.

पुस्तक तोवर गोव्याबाहेर पोहोचले होते. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती त्याची प्रत आली आणि १५६७मध्ये, ओर्ता हयात असतानाच, त्याने लॅटिनमध्ये त्याचा संक्षेप अँटवर्पहून प्रसिद्ध केला. संवाद गेले, अंतोनिया गेली, विनोद गेला. पण मोडशी, भांग, आंबा, मिरी, हिंग यांची माहिती युरोपभर पोहोचली. मूळ पुस्तकाची नीट संपादित आवृत्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाली. धर्मन्यायालयाच्या दप्तरातून त्याच्या कुटुंबाची हकीकत तर विसाव्या शतकात बाहेर आली. तोपर्यंत मोठमोठ्या अभ्यासकांनाही तो सुखात जगून गेलेला दरबारी वैद्य वाटत होता.

पणजीत चर्चसमोरच्या चौकातील बागेला आज गार्सिया द ओर्ताचे नाव आहे. मुंबईत, जे बेट त्याच्याकडे होते तिथे, त्याची आठवण फारशी कोणाला नाही. दोनदा फळणारा त्याचा आंबा कधीच गेला. बी लहान का, साल पातळ का, हे त्याला सांगता आले नाही. तसे असल्याचे त्याने पाहिले आणि पुस्तकात नव्हते तरी लिहिले. पुढच्यांनी रात्रीचे तास मोजले ते अशाच नोंदींच्या आधारावर उभे राहून.